मधला मार्ग कुणाच्या दारातून जातो?

लग्न आंतरजातीय असो, आंतरधर्मीय असो, की नुसतंच कोकण आणि देश असं असो. ते ठरलं की पहिल्या बैठकीत एक समंजस गृहस्थ हमखास असतात. बहुधा मुलाचे थोरले काका. ते घसा साफ करून म्हणतात, "हे बघा, दोन घरं म्हटली की दोन रीती आल्याच. ताणायचं कशाला? थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो. मधला मार्ग काढू." सगळे माना डोलावतात, पोहे येतात, मुलीचे वडील सुटकेचा श्वास सोडतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरांतूनही हाच सल्ला जरा गुळगुळीत भाषेत मिळतो: दोन्हीकडच्या अपेक्षांचा समतोल साधा.

माझा या सल्ल्याला विरोध आहे. काका वाईट नाहीत. भांडण टाळावं ही त्यांची इच्छाही खरी आहे. पण कार्य उरकल्यावर कुणी काय सोडलं याचा हिशेब मांडून पाहिला, तर हा मार्ग मधून गेलेला दिसत नाही. तो एकाच घराच्या दारातून निघतो आणि फिरून त्याच दाराशी येतो.

हिशेब मांडूच. मुलीकडे हळदीच्या रात्री मटण असतं. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी घरांत त्याशिवाय हळद झाली असं कुणी मानत नाही. ते रद्द, कारण "त्यांच्याकडे चालत नाही". खंडोबाचं जागरण किंवा देवीचा गोंधळ लग्नानंतर घालायचा असतो. तो "तुम्ही गावाकडे सावकाश उरकून घ्या". हलगी नको, सनई ठेवू. आता जे राहिलं ते पाहा. गुरुजी राहिले, मुहूर्त राहिला, शुद्ध शाकाहारी जेवण राहिलं, दुसऱ्या दिवशीचा सत्यनारायण राहिला. मग मुलाच्या बाजूनं काय सोडलं? विचारलं की उत्तर तयार असतं: "आम्ही मानपान मागितला नाही." म्हणजे जे मागायचंच नव्हतं ते सोडलं!

या हिशेबाला गोंडस नाव आहे, "सगळ्यांना चालेल असं". सगळ्यांना चालणारं म्हणून जे पुढे येतं ते दर वेळी एकाच थरातल्या घरांच्या सवयीशी कसं जुळतं, हे कुणी विचारत नाही. 2014 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले साधारण 60 टक्के लोक मांसाहारी असल्याचं दिसलं होतं. बहुसंख्यांचं जेवण तेच. तरीही शहरातल्या बऱ्याच मंगल कार्यालयांच्या नियमपत्रकात पहिल्या दोन-तीन ओळींत मांसाहाराला मनाई असते आणि ती वाचून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. बहुसंख्यांची रीत "त्यांची पद्धत" ठरते आणि अल्पसंख्यांची रीत नुसती पद्धत ठरते. विशेषण कुणाला चिकटतं ते बघावं, सत्ता कुठे आहे ते कळतं.

पुण्यातल्या एका कार्यालयात हा मधला मार्ग मी डोळ्यांनी पाहिला. मुलाकडचे शाकाहारी, मुलगी अलिबागकडची. तिच्या मामांनी हट्ट धरला म्हणून "व्यवस्था" केली होती. कुठे, तर कार्यालयाच्या मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी, जिथे केटररचे टेम्पो उभे राहतात तिथे. एक पातेलं, कागदी बशा, हात धुवायला पिंप. मुलीच्या मावश्या नव्या पैठण्यांचे पदर खोचून डिझेलच्या वासात उभ्यानं जेवत होत्या आणि आत हॉलमध्ये खुर्च्यांना सॅटिनचे बो बांधलेले होते. मामा प्रत्येकाला आग्रह करत होते, पण हळू आवाजात. मुलाचे काका येऊन बघून गेले आणि समाधानानं म्हणाले, "झाली ना दोन्हीकडची सोय?" मुलीच्या आजीनं बशी न घेताच आत जाऊन श्रीखंड-पुरी खाल्ली. लपून खायला ती काही चोरून आलेली नव्हती, तिच्या नातीचं लग्न होतं.

आता मधल्या मार्गाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद घेऊ. शाकाहारी जेवण मांसाहारी माणूस खाऊ शकतो, उलट होत नाही. म्हणून एकत्र पंगतीत शाकाहारच शहाणपणाचा. ताटापुरतं हे मला मान्य आहे. ज्याला खायचं नाही त्याच्या ताटात काही पडू नये, त्याची भांडी वेगळी, वाढपी वेगळे, तेल वेगळं. यात वाद नाही. पण हा युक्तिवाद ताटापुरता थांबत नाही. तो हॉलभर पसरतो. शाकाहारी पाहुण्याला मटण खा असं कुणीच म्हणत नसतं, त्याला फक्त त्याच छताखाली बसायला सांगितलेलं असतं. त्याची तक्रार शेजारच्या टेबलाबद्दल असते. आणि शेजारी बसून कोण काय खातं यावर आपलं पावित्र्य ठरवण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे, तिचा आहाराशी संबंध थोडा आणि पंक्तिभेदाशी जास्त आहे.

या खोडीचा गाजलेला खटला पुण्यातलाच. 4 ऑक्टोबर 1890 ला पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी हजर राहिलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही. चहा होता, कोंबडी नव्हती! तरीही प्रकरण शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापर्यंत गेलं. ग्रामण्याची खरी धार धर्मपीठात नसते, घरच्या कार्यात असते. मुंजीला भिक्षुक मिळत नाही, श्राद्धाला ब्राह्मण येत नाहीत, लेकीला माहेरी पाठवताना तिच्या सासरचे विचारात पडतात. या पेचातून बाहेर पडायला रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. एवढ्या मोठ्या माणसाला नातलगांच्या जेवणावळीनं वाकवलं. आजचे काका शंकराचार्यांना पत्र लिहीत नाहीत. "आमच्या आत्याबाई मग जेवायलाच येणार नाहीत हो," एवढं म्हणतात, आणि काम तेवढंच होतं.

"आमच्याकडे धर्माचा प्रश्न आहे" हा दुसरा मुद्दा. तो ऐकताना मला गौरी आठवतात. भाद्रपदात एकाच नक्षत्रावर गौरी घरोघर येतात. एका घरी त्यांना पुरणपोळी, सोळा भाज्या. कोकणातल्या कित्येक घरांत, सीकेपी घरांतही, त्यांना तिखटाचा नैवेद्य लागतो. मटण असेल, कोंबडी असेल, कुठे मासे, कुठे चिंबोऱ्या. हा जिभेचा चोचला नव्हे. माहेरवाशीण आली आहे, तिला तिच्या आवडीचं जेवू घालायचं, असा तो देवीचा मान असतो आणि तो चुकला तर घरातली म्हातारी वर्षभर रुखरुखते. खंडोबाचं पाहा. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा त्याचाच आणि नवसाचा बकराही कित्येक कुळांत त्याच्याच नावाचा. तेव्हा मुलीकडच्यांना तिखटाचा नैवेद्य सोडायला सांगणारा माणूस त्यांना पथ्य सांगत नसतो. स्वतःचा कुळधर्म राखण्यासाठी तो त्यांचा कुळधर्म मोडायला सांगत असतो, आणि वर स्वतःला धार्मिक म्हणवतो.

कायद्यानं मात्र हा मधला मार्ग कधी मागितला नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की वधू-वरांपैकी कुणाच्याही बाजूच्या रूढीप्रमाणे विवाह लावता येतो. सप्तपदीची अट त्या रूढीत सप्तपदी असेल तरच. त्याच्याही ऐंशीएक वर्षं आधी, 1873 च्या डिसेंबरात, सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं होतं. म्हणजे गुरुजी हे सगळ्यांना चालणारे तटस्थ पंच आहेत, हे महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच वादग्रस्त ठरलेलं आहे. तरी आजही लग्नाच्या बैठकीत "गुरुजी तर लागणारच" हे वाक्य हॉलच्या बुकिंगइतक्या सहज उच्चारलं जातं.

बौद्ध सून किंवा बौद्ध जावई घरात आले की मधल्या मार्गाचं खरं रूप उघडं पडतं. गणपती बसलेत, आरती चालू आहे, सगळं गोत जमलंय. नव्या सुनेला सांगतात, "तू काही म्हणू नकोस, नुसते हात जोड. हात जोडायला काय जातं?" बोलणाऱ्याला खरंच वाटतं की आपण किती कमी मागतोय. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा देताना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ब्राह्मणाच्या हातून कोणतंही क्रियाकर्म करवून न घेण्याचीही आहे. तिच्या आजोबांनी ती शपथ उभं राहून घेतली, तिच्या बापानं ती शिकताना-नोकरी करताना सांभाळली. "हात जोडायला काय जातं" याचं उत्तर, तीन पिढ्या जातात. आणि हाच प्रश्न उलटा विचारून बघा. मुलीच्या माहेरी वास्तूच्या कार्यक्रमाला गेल्यावर सासऱ्यांनी बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमेपुढे उभं राहून सर्वांसोबत त्रिसरण-पंचशील म्हणावं, म्हणायला काय जातं? ते मागे खुर्चीवर बसून मोबाइल काढतील. त्यांच्यावर कुणी रागावणारही नाही. रागवू नयेच. पण मग तीच मोकळीक सुनेला हवी: आरतीच्या वेळी तिनं बाजूला बसून राहावं, नंतर प्रसादाचे मोदक आवडले तर खावेत, नाही आवडले तर खाऊ नयेत, आणि कुणी तिच्याकडे बघून सुस्कारा सोडू नये.

काका यावर म्हणतील की लोकांना एकदम नवं पचत नाही, वेळ द्यावा लागतो. हे मी ऐकून घेतलं असतं, जर मी गेल्या काही वर्षांतली लग्नं पाहिली नसती. ज्या घरांना हळदीचं मटण शंभर वर्षांत पचलं नाही, त्या घरांना संगीत, मेंदी, जयमाला आणि पिवळ्या कुर्त्यांतली "हल्दी सेरेमनी" पाचेक वर्षांत पचली. आजोबांच्या लग्नात अळूचं फदफदं आणि मठ्ठा होता. नातवाच्या लग्नात छोले, पनीर, पास्त्याचा काउंटर आणि पाणीपुरी आहे, आणि आजोबा दोनदा पाणीपुरी घेतात. सीमांतपूजन गेलं, रुखवताची टेबलं आक्रसली, नवरदेव शेरवानीत आला. कुणाची संस्कृती बुडाली नाही. जावई अमेरिकन असला तर विचारूच नका. त्याला फेटा बांधतात, अंतरपाट धरताना त्याच्या उंचीवर विनोद होतात, त्याच्या आईवडिलांनी दिलेल्या जेवणात टेबलावर काय काय आहे याची चौकशीसुद्धा कुणी करत नाही. "त्यांच्याकडचं तसंच असतं," म्हणून सगळं मोकळ्या मनानं घेतात. सवय बदलते, पोटही बदलतं, फक्त वरून आलेलं भराभर पचतं आणि शेजारच्या आळीतून आलेलं पचत नाही. अडचण परंपरेची असती तर पंजाबी संगीतालाही तेवढाच विरोध झाला असता. ती प्रतिष्ठेच्या उतरंडीची आहे. म्हणूनच तिला वेळेचं औषध लागू पडत नाही.

इथे कुणी मला विचारेल, मग काय, प्रत्येक रीत पवित्र मानायची? सगळ्यांनी आपापलं सगळं धरून ठेवायचं? मुळीच नाही. हळदीकुंकवाचं उदाहरण घेऊ. घरात मंगळागौर आहे, वाण द्यायचंय, आणि मुलाची काकू विधवा आहे. एका बाजूची अपेक्षा, तिनं आतल्या खोलीत बसावं. दुसऱ्या बाजूची, तिनंही कुंकू लावून घ्यावं. इथे मधला मार्ग कोणता? तिला दारात बसवायचं? तो निघतोही, तिला स्वयंपाकघरात "मदतीला" ठेवतात आणि वाण मागाहून गुपचूप देतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा तिनं समतोल साधला नाही, एक बाजू घेतली. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद म्हणजे बंद. नंतर त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं. गावात म्हाताऱ्या माणसांच्या भावना नव्हत्या असं थोडंच आहे?

माझ्यापुरती कसोटी सोपी आहे. एखादी रीत मला माझ्या ताटात, माझ्या देव्हाऱ्यात, माझ्या अंगावर काही करायला सांगत असेल तर ती मी पूर्ण पाळावी आणि दुसऱ्यानं ती बघून घ्यावी. ती रीत दुसऱ्या माणसाला उठून जायला, लपून जेवायला, तोंड झाकायला किंवा हात जोडायला सांगत असेल तर ती मोडावी. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालून मध्ये काटा शोधणं हाच समतोलवाल्यांचा घोळ आहे. मटण खाणाऱ्याची अपेक्षा आणि मटण खाणाऱ्याला जनरेटरमागे पाठवणाऱ्याची अपेक्षा, या दोन सारख्या वजनाच्या अपेक्षा नव्हेत.

आणखी एक गोष्ट समुपदेशक सांगत नाहीत. हा समतोल हातानं करावा लागतो, आणि तो हात बहुतेक वेळा सुनेचा असतो. सासरच्या गौरींना सोवळ्यात पुरण घालायचं, दुसऱ्या दिवशी आईकडे जाऊन कालवण ढवळायचं, मधल्या गाडीत साडी बदलायची, दोन्हीकडच्या आत्यांना वेगवेगळी कारणं सांगायची. नवरा दोन्हीकडे पाहुणा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय: नवऱ्याला बायको शिकलेली, सभेला येणारी हवी होती, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तिच्या इंग्रजीचा विटाळ वाटत होता, आणि दोघांच्या मध्ये दिवसभर घरात राहायचं होतं ते तिला. न्यायमूर्ती कोर्टात जात. आजच्या सुना स्वतःच ऑफिसात जातात आणि सुट्टी काढून हे करतात, एवढाच फरक.

तेव्हा काकांना माझं उत्तर असं. थोडं थोडं सोडू नका. ज्याच्या घरी कार्य, त्याची रीत, पूर्ण आणि राजरोस. मुलीच्या घरी हळद असेल तर मटण होईल, दिवाणखान्यात होईल. मुलाकडच्यांनी यावं, मसालेभात आणि बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यांत केलेली असेल, ती खावी. मुलाच्या घरी सत्यनारायण असेल तर मुलीकडच्यांनी शिरा खावा आणि कांदा-लसूण का नाही म्हणून नाकं मुरडू नयेत. खर्च निम्मा-निम्मा असेल त्या समारंभात दोन्ही रीती एकाच हॉलमध्ये, एकाच उजेडात, सारख्याच खुर्च्यांवर. कार्यालय नाही म्हणत असेल तर कार्यालय बदला. मराठी माणूस पार्किंगच्या सोयीसाठी कार्यालय बदलतो, व्याह्यांसाठी का बदलू नये?

आणि नकाराची मुभा असू द्या. आत्याबाईंना मटण शिजलेल्या घरी जेवायचं नसेल तर त्यांनी येऊन अक्षता टाकाव्यात, अहेर द्यावा, नुसता चहा घेऊन जावं. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यावरून त्यांची टिंगल करणारा पुतण्या मला काकांइतकाच नकोसा वाटतो. पण आत्याबाईंच्या न जेवण्याची किंमत त्यांनीच मोजावी, नवरीच्या आजीनं नव्हे. आजवर रुसवा फक्त एकाच बाजूला परवडत आला आहे. एका बाजूचे लोक रुसले की मेनू बदलतो, दुसऱ्या बाजूचे रुसले की "त्यांच्यात असंच असतं" म्हणतात.

"अशानं नाती तुटतील" ही शेवटची धमकी. काही तुटतीलही. राज्य सरकार आंतरजातीय जोडप्याला, एक जोडीदार मागासवर्गीय असेल तर, 50,000 रुपयांचं प्रोत्साहन देतं. ते प्रोत्साहन लागतं याचा अर्थ नाती आधीच तुटत होती, मटणावाचूनच. रजिस्टर्ड लग्न करून परस्पर भाड्याच्या घरात गेलेली जोडपी काकांनी पाहिली नाहीत का? त्यातल्या कित्येकांनी मधला मार्ग महिनोन् महिने चालून बघितला होता. जे बैठकीला आलेत, समोरासमोर बसलेत, त्यांच्यात नातं टिकण्याची शक्यता आहे, आणि ती टिकवायची तर पहिल्याच बैठकीत, पोहे यायच्या आधी, मुलीच्या आजीला विचारावं की हळदीला तुमच्याकडे काय काय लागतं. ती सांगेल तसं लिहून घ्यावं. लिहून काकांनीच घ्यावं, त्यांचं अक्षर चांगलं असतं.